समुद्रकाठचा मुक्काम : यजमान कोण?

गेल्या काही वर्षांत पुण्याच्या रस्त्यांवर एक नवी गाडी दिसू लागली आहे. बाहेरून टेम्पो ट्रॅव्हलर, आतून वन रूम किचन. टपावर सोलरचे पत्रे, खाली पाण्याची टाकी, आत चार माणसांच्या झोपण्याची सोय, गॅसची शेगडी, छोटा फ्रीज आणि बऱ्याचदा संडासही. लोक तिला मोटारहोम म्हणतात, सरकारी कागदावर ती कॅरव्हॅन असते. शुक्रवारी ऑफिस सुटलं की ही चाकांवरची घरं ताम्हिणी घाट उतरतात आणि रात्री उशिरा कोकणातल्या एखाद्या आडबाजूच्या किनाऱ्यावर जाऊन उभी राहतात. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर व्हिडिओ येतो. मागचा दरवाजा उघडा, त्यातून दिसणारा समुद्र, शेगडीवर उकळणारा चहा आणि खाली लिहिलेलं : ना हॉटेल, ना बुकिंग, ना माणसं.

यातल्या पहिल्या दोन गोष्टींबद्दल माझी काही तक्रार नाही. तिसरीबद्दल आहे. ‘ना माणसं’ ही प्रवासाची मोठी कमाई असल्यासारखं सांगितलं जातं आणि ते ऐकून आणखी दहा जण तसाच किनारा शोधत निघतात. त्या किनाऱ्यावर खरंच कोणी नसतं का, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

आधी एक स्पष्ट करतो. मला मोटारहोमच्या विरोधात बोलायचं नाही. ही गाडी चैनीची दिसत असली तरी अनेक कुटुंबांची ती गरज भागवते. म्हाताऱ्या आईवडिलांना घेऊन दोनशे किलोमीटर जायचं, तर वाटेत स्वच्छ संडास मिळेल याची खात्री नसते. बायकांना हा प्रश्न पुरुषांपेक्षा जास्त छळतो. खाण्याचे नियम पाळणारी माणसं, मग ती शाकाहारी असोत, हलालच खाणारी असोत की मधुमेहाची पथ्यं सांभाळणारी, स्वतःचं स्वयंपाकघर सोबत असेल तर निश्चिंत होतात. शिवाय मोटारहोमला पाया खणावा लागत नाही, सिमेंट लागत नाही, समुद्राकडे जाणारी गावाची वाट भिंतीने अडत नाही. सकाळी उठून ती निघून जाऊ शकते. रिसॉर्ट तसं जात नाही. म्हणून माझा प्रश्न गाडी असावी की नसावी हा नाही. ती रात्री कुठे उभी राहावी आणि कोणाला विचारून उभी राहावी, एवढाच आहे.

किनारा मोकळा असतो, रिकामा नसतो

कोकणच्या पुळणीवर साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवाच्या माद्या अंडी घालायला येतात. ओडिशात त्या लाखोंच्या संख्येने एकदम येतात, आपल्याकडे एकेकटी येते. वेळ बहुतेक रात्रीची. मादी भरतीच्या रेषेच्या वर सरकत येते, मागच्या पायांनी साधारण दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते, वाळू लोटून खड्डा बुजवते आणि परत फिरते. त्या घरट्याकडे ती पुन्हा येत नाही. पुढचे ४५ ते ६० दिवस अंडी वाळूच्या उबेवर वाढतात. पिल्लू नर निघणार की मादी, हेही त्या उबेवरच ठरतं. म्हणजे हा हंगाम एप्रिल-मेपर्यंत चालतो. दिवाळीनंतरची सहल, नाताळ, शाळांची उन्हाळी सुट्टी आणि गेल्या काही वर्षांतली ईद, सगळं याच महिन्यांत येतं. पुणेकराला कोकण आठवतं तेव्हाच कासवालाही आठवतं.

आता या रात्रीत एक गाडी आणून उभी करा. बाहेर येणाऱ्या मादीला उजेड दिसला, हालचाल जाणवली, तर ती अंडी न घालताच माघारी जाते. जी पिल्लं वाळूतून वर येतात, ती उजेडाच्या दिशेने चालतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सर्वांत उजळ असतो तो समुद्र, म्हणून ती समुद्राकडे जातात. गाडीवर एलईडीची माळ लावली की ती गाडीकडे येतात. आपल्याला टायरची खूण म्हणजे काहीच वाटत नाही, पण दोन इंचाच्या पिल्लासाठी तो खंदक असतो. त्यात पडलेलं पिल्लू चाकोरीतच पुढे-मागे फिरत राहतं आणि सकाळी कावळ्यांना, कुत्र्यांना सापडतं. चाकाखाली वाळू दबली की खालच्या पिल्लांना वर येणं जड जातं. रात्रीच्या जेवणाची हाडं आणि उरलेला भात टाकला की गावातली कुत्री आणि बनातले कोल्हे त्या जागेला सरावतात. तेच पुढे घरटी उकरतात.

एक नुकसान तर डोळ्यांना दिसतही नाही. गावातले कासवमित्र पहाटे किनारा चालतात आणि मादीच्या वल्ह्यांसारख्या पायांचा वाळूवरचा माग बघून घरटं शोधतात. मग अंडी काढून जाळीच्या कुंपणातल्या हॅचरीत नेतात. त्या मागावरून रात्री गाडी फिरली असेल, तर माग पुसलेला असतो. घरटं तिथेच असतं, पण ते आहे हे कोणालाच कळत नाही. गाडीवाल्याला तर नाहीच नाही. त्याला कोणी विचारलं तर तो प्रामाणिकपणे सांगेल, आम्ही तर एकही कासव पाहिलं नाही.

कासवाशिवायही बरेच जण तिथे राहतात. हिवाळ्यात उत्तरेकडून आलेले कुरव आणि चिखल्या ओहोटीच्या पट्ट्यात खातात, विसावा घेतात. त्यांच्या थव्यात गाडी घालून पाखरं उडवण्याचे व्हिडिओ हौसेने टाकले जातात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराने साठवलेली ताकद दर वेळी थोडी थोडी तिथे खर्च होते.

कायद्यालाही हे ठाऊक आहे. ऑलिव्ह रिडले हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. २०१९ च्या किनारा नियमन क्षेत्राच्या अधिसूचनेत कासवांच्या विणीच्या जागा सर्वाधिक संवेदनशील पट्ट्यात मोडतात. पण कायदा दिल्लीत आणि मुंबईत असतो. रात्री दोन वाजता किनाऱ्यावर असतो फक्त गाव.

वेळासने घातलेली रीत

त्या गावाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातलं वेळास हे बाणकोटच्या खाडीजवळचं छोटं गाव. नाना फडणवीसांचं गाव म्हणून ते इतिहासात होतं, कासवांचं गाव ही त्याची ओळख अलीकडची. पूर्वी तिथे, आणि कोकणात इतरत्रही, कासवाची अंडी काढून खाल्ली आणि विकली जायची. २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे लोक समुद्री गरुडाच्या पाहणीसाठी किनारे फिरत होते, तेव्हा त्यांना असं लुटलेलं घरटं दिसलं. तिथून वेळासचं काम सुरू झालं. गावातल्याच तरुणांना बरोबर घेतलं गेलं, वनखातं आणि ग्रामपंचायत जोडली गेली. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला.

या महोत्सवाची खुबी त्याच्या साधेपणात आहे. किनाऱ्यावर हॉटेल बांधलं गेलं नाही. पुण्या-मुंबईहून येणारा माणूस गावातल्या घरात उतरतो. पडवीत झोपतो, घरच्या बाईने केलेलं जेवण जेवतो, आंघोळीला विहिरीचं पाणी घेतो. सकाळी आणि संध्याकाळी ठरलेल्या वेळी किनाऱ्यावर चालत जातो, दोरीच्या अलीकडे उभा राहतो आणि पिल्लं समुद्रात जाताना बघतो. कधी पिल्लं निघतात, कधी टोपली उचलली तर खाली काहीच नसतं. पैसे मात्र दोन्ही वेळा त्या घरात जातात. एके काळी ज्या गावात घरटी उकरली जात, त्याच गावात ती राखली जाऊ लागली, याला कारण नुसतं प्रबोधन नव्हतं. कासव जिवंत राहण्यात घरातल्या बाईचा हिशेब जुळला. २०२० च्या जूनमध्ये निसर्ग चक्रीवादळाने या पट्ट्यातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा पाहुण्यांकडून येणारा पैसा किती मोलाचा आहे ते इथल्या घरांना आणखी कळलं.

पुढे आंजर्ले, गुहागर आणि इतर किनाऱ्यांवरही हे काम उभं राहिलं. २०२२ च्या सुरुवातीला कोकणातल्या पाच माद्यांच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेली यंत्रं बसवली गेली. त्यातली पहिली वेळासची, तिचं नाव प्रथमा ठेवलं. २०२३ मध्ये गुहागरहून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली. आणि २०२१ मध्ये ओडिशात पायाला बिल्ला लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत गुहागरला अंडी घालताना सापडली. दोन किनाऱ्यांची कासवं वेगळी, असं मानलं जायचं. त्या एका बिल्ल्याने हा समज हलवला. पुण्याच्या सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी याच विषयाच्या सावलीत ‘कासव’ हा चित्रपट केला आणि त्याला २०१७ मध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. म्हणजे पुणेकराला हे माहीत नाही, असं म्हणायला जागा नाही.

गाडीला गाव लागत नाही

वेळासची सगळी रचना एका गोष्टीवर उभी आहे : परक्या माणसाला गावाची गरज लागते. त्याला छप्पर हवं, जेवण हवं, संडास हवा, वाट दाखवणारा हवा. या गरजांमुळे तो पाहुणा होतो. पाहुणा झाला की त्याला घराचे नियम लागू होतात. यजमानीण सांगते, रात्री किनाऱ्यावर जायचं नाही, बॅटरी मारायची नाही, आणि तो ऐकतो. पोलिसाने सांगितलं तर वाद घालेल, पण सकाळी जिच्या हातचे घावने खायचे आहेत, तिच्याशी कोण वाद घालतो?

मोटारहोम नेमकी ही गरज संपवते. पाणी पुण्याचं, किराणा पुण्यातल्या मॉलचा, वीज टपावरच्या पत्र्यांची, अंथरूण घरचं. गावातून जाताना काच खाली करण्याचीही वेळ येत नाही. गाव फक्त वाटेतला एक अरुंद रस्ता होतो. किनाऱ्यावरचं सुख पूर्ण मिळतं आणि गावाच्या वाट्याला काय येतं? दोन बादल्या साबणाचं सांडपाणी, प्लास्टिकची पिशवी आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर व्हिडिओत कधी दिसत नाही : त्या संडासाची टाकी कुठे रिकामी केली? कोकणात मोटारहोमची मैल्याची टाकी रिकामी करायची सोय सहसा कुठे नसते. मग ती सुरूच्या बनात होते, ओढ्यात होते किंवा घाटातल्या एखाद्या वळणावर होते.

आपल्याकडे प्रवासाची परंपरा जुनी आहे आणि ती कधीच बिनयजमानाची नव्हती. वारीच्या वाटेवर धर्मशाळा होत्या, व्यापाराच्या वाटांवर सराया होत्या, हजला जाणाऱ्यांसाठी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळ मुसाफिरखाना होता. फकीर गावात आला तर मशिदीच्या ओट्यावर टेकायचा आणि कोणाच्या तरी घरून भाकरी यायची. त्या सोयी मोफत किंवा स्वस्त होत्या, पण प्रत्येकीला एक दार होतं आणि दारात कोणी तरी विचारणारं होतं. कुठून आलात, किती दिवस राहणार, काही हवं का? हे तीन प्रश्न म्हणजे चौकशी होती आणि आपुलकीही होती. ‘ना माणसं’ म्हणणाऱ्याला त्या चौकशीचा कंटाळा आहे, हे मी समजू शकतो. शहरात सोसायटीचा वॉचमन, ऑफिसचं कार्ड आणि ट्रॅफिकचा हवालदार यांना उत्तरं देऊन माणूस थकतो. पण आपल्या थकव्याचा उतारा म्हणून दुसऱ्याचं गाव रिकामं आहे असं मानणं, हे आयत्या बिळावर नागोबा होण्यासारखं आहे.

दोन आक्षेप

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. रिसॉर्टवाले समुद्राकडे तोंड करून रात्रभर दिवे लावतात, वाळू उपसणारे ट्रक भरून नेतात, जाळ्यात अडकून कासवं मरतात, आणि तुम्ही आमच्या एका गाडीच्या मागे लागता? आक्षेपातलं प्रत्येक वाक्य खरं आहे. त्या दिव्यांवर, त्या वाळूवर आणि त्या जाळ्यांवर बोलायलाच हवं. पण मोठ्या चोराकडे बोट दाखवून छोटी चोरी माफ होत नाही. आणि फरकही आहे. रिसॉर्ट जिथे आहे तिथेच राहतं, त्याचा पत्ता असतो, त्याला नोटीस देता येते. आडवाटेचा मुक्काम मुद्दाम तिथे जातो जिथे रिसॉर्ट अजून पोचलेलं नाही. म्हणजे कासवासाठी उरलेला शेवटचा अंधार तोच शोधून काढतो, आणि व्हिडिओतून त्याचा नकाशाही वाटतो.

दुसरा आक्षेप परदेशाच्या नावाने येतो. युरोपात लोक कुठेही मुक्काम करतात, आपल्याकडेच बंदी कशाला? जरा नीट पाहिलं तर चित्र वेगळं दिसतं. स्वीडनमध्ये कोणाच्याही रानात एखादी रात्र तंबू ठोकण्याची मुभा जुनी आहे, पण उघड्या जमिनीवर मोटार चालवायला तिथे बंदी आहे. स्कॉटलंडच्या २००३ च्या कायद्याने सर्वांना डोंगर-किनाऱ्यांवर फिरण्याचा हक्क दिला, तो पायी जाणाऱ्याला, सायकलवाल्याला आणि घोडेस्वाराला. मोटारगाडीला नाही. न्यूझीलंडमध्ये सरकारी जागेत गाडीने फुकट मुक्काम करण्याची चाल मोठी. तिथे २०११ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला आणि २०२३ मध्ये तो आणखी कडक झाला. गाडीत पक्का बसवलेला संडास आणि तसा दाखला, ही अट घातली गेली.

आपल्या कोकणी भावंडांना जवळचं उदाहरण ओमानचं आहे. तिथे वाळवंटात आणि समुद्रकाठी तंबू टाकून राहण्याची हौस सगळ्यांना. पण रास अल जिंझच्या किनाऱ्यावर हिरवी कासवं विणीला येतात, आणि तो भाग १९९६ पासून राखीव आहे. रात्री तिथे जायचं तर ठरलेल्या वाटाड्याबरोबर, ठरलेल्या संख्येने. मस्कतमध्ये नोकरी करणारा आपला माणूस तो नियम मुकाट पाळतो. तोच माणूस सुट्टीत गावी आला की हर्णै-मुरूडच्या वाळूवर गाडी घालतो, कारण इथे कोणी विचारत नाही.

अंधारातला परका

विचारणारं कोणी नाही, हेही खरं तर पूर्ण खरं नाही. विचारतात, पण कोणाला, हा मुद्दा आहे. या मुद्द्यावर आमच्या वाचकांना वेगळं सांगायची गरज नाही, इतरांना मात्र सांगायला हवी.

कोकणच्या किनाऱ्याला एक कडवट स्मृती आहे. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीची शस्त्रं आणि स्फोटकं रायगडमध्ये दिघी आणि शेखाडीला उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ चे हल्लेखोर समुद्रातून आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरजवळ वाहत आलेल्या बोटीत एके-४७ रायफली सापडल्या आणि त्यामागे घातपाताचा धागा दिसत नसल्याचं सरकारने सांगेपर्यंत अख्खा जिल्हा श्वास रोखून होता. अशा किनाऱ्यावर मध्यरात्री दिवे बंद करून उभी असलेली गाडी पोलिसांना आणि गावाला संशयास्पद वाटली, तर त्यात त्यांची चूक नाही. पण काचेवर टॉर्च पडल्यावर आतून सांगितलेलं नाव कोणतं आहे, यावर पुढचं संभाषण किती वेळ चालणार हे ठरतं. एका नावाला ‘जपून राहा साहेब’ मिळतं, दुसऱ्या नावाला आधार कार्ड, गाडीची कागदपत्रं आणि आणखी दोन फोन. बायकामुलं सोबत असताना ही चौकशी कशी वाटते, ते ज्याचं त्याला ठाऊक.

म्हणून बिनधास्त मुक्कामाचं जे स्वातंत्र्य व्हिडिओत दिसतं, ते सगळ्यांना सारखं मिळत नाही. ते काही आडनावांचं जास्त आहे. माझ्या मते याचं उत्तर, सगळ्यांनीच अंधारात लपून राहावं, हे असू शकत नाही. उत्तर आहे ती जागा, जिथे वहीत नाव लिहिलेलं आहे, जिथे गावातल्या एकाने तरी तुम्हाला चहा दिला आहे, आणि रात्री कोणी विचारलं तर ‘हे आमचे पाहुणे आहेत’ असं म्हणणारं कोणी आहे. कासवाला हवा तो अंधार आणि आपल्याला हवा तो विसावा, दोन्ही एकाच व्यवस्थेतून मिळू शकतात.

कुलूपबंद घरांची अंगणं

ही व्यवस्था हवेत नाही. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. त्यात कॅरव्हॅनबरोबर कॅरव्हॅन पार्कचाही विचार आहे : गाड्या उभ्या करायची जागा, पाणी, वीज, सांडपाण्याची सोय. या धोरणाच्या बाजूने एक युक्तिवाद हटकून केला जातो, की जिथे पक्कं बांधकाम करता येत नाही अशा ठिकाणीही कॅरव्हॅनमुळे पर्यटक राहू शकेल. हा युक्तिवाद मला धोक्याचा वाटतो. काही ठिकाणी बांधकामाला बंदी आहे, ती तिथे माणसाने रात्री राहू नये म्हणूनच आहे. भिंतीला बंदी आणि चाकांना मुभा, अशी पळवाट निघाली तर कासवाच्या दृष्टीने फरक शून्य.

म्हणून पार्क किनाऱ्यावर नको, गावात हवेत. त्यासाठी कोट्यवधींचा प्रकल्प लागत नाही. बाणकोट, दाभोळ, हर्णै, श्रीवर्धन, म्हसळा या पट्ट्यात फिरलेल्या कोणालाही एक दृश्य परिचित आहे : मोठमोठी घरं आणि दाराला कुलूप. मुसलमान मोहल्ल्यांत मालक दुबई, कुवेत किंवा मुंब्र्यात असतो, शेजारच्या वाडीत चाकरमानी मुंबईत. वर्षातून पंधरा दिवस घर उघडतं. बाकी दिवस प्रशस्त अंगण, विहीर, पक्का संडास आणि विजेचं कनेक्शन नुसतं पडून असतं. मोटारहोमला यापेक्षा जास्त काय लागतं? अंगणात दोन गाड्यांची जागा, सांडपाण्यासाठी शोषखड्डा, टाकी रिकामी करायला संडासाची जोडणी, जनरेटर लावावा लागू नये म्हणून एक प्लग. देखभालीला शेजारची एखादी खाला किंवा मावशी, आणि तिच्या हातची तांदळाची भाकरी, माशाचं कालवण. समुद्र चालत दहा मिनिटांवर. वेळासने घरातली पडवी पाहुण्यांना दिली, आपल्या गावांनी अंगण द्यावं. परदेशात असलेल्या आपल्या लोकांनी घर विकायचं की पडू द्यायचं, या दोनच पर्यायांत अडकून न राहता हा तिसरा विचार करून बघावा.

ग्रामपंचायतींनाही दोन गोष्टी करता येतील. पहिली, नोव्हेंबर ते मे या काळात पुळणीवर उतरणाऱ्या वाटेला साखळी लावावी. होड्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरची अडवणूक होऊ नये म्हणून चावी मच्छीमारांकडे ठेवावी. उधाणाच्या भरतीत अडकलेल्या गाड्या ओढून काढायला दर हंगामात हेच लोक मध्यरात्री उठतात, तेव्हा साखळीचा फायदा त्यांनाही आहे. दुसरी, अंगणातल्या मुक्कामावर छोटी आकारणी करून त्यातला वाटा कासवमित्रांच्या मानधनासाठी ठेवावा. पहाटे चार वाजता किनारा चालणाऱ्या तरुणाला वर्षभर टिकेल असं काही मिळालं, तर तो मुंबईची गाडी पकडणार नाही.

आणि आपण, पुण्याहून निघणाऱ्यांनी काय करावं? गाडीची चाकं डांबरावर किंवा गावातल्या जमिनीवर ठेवावीत, वाळूवर नेऊ नयेत. सूर्य मावळला की गाडीबाहेरचे दिवे बंद. किराणा पुण्यात भरण्याऐवजी तांदूळ, मासे, कोकम, नारळ त्या गावातून घ्यावेत. कचरा परत आणावा. किनाऱ्यावर कासवाचा माग दिसला तर त्याभोवती फिरून फोटो काढण्याआधी कासवमित्राला कळवावं. आणि आवडलेला निर्जन किनारा व्हिडिओत टाकताना त्याचा नकाशा टाकू नये.

पुढचा हंगाम नोव्हेंबरात सुरू होईल. कॅरव्हॅनचं बुकिंग त्याआधीच होतं. तेव्हा ज्यांचं गाव कोकणात आहे, त्यांनी या गणपतीत, या ईदला घर उघडाल तेव्हा अंगणाचं माप घेऊन या. ज्यांचं नाही, त्यांनी गाडी ठरवताना मालकाला आधी एवढंच विचारा, की रात्री ही कोणाच्या दारात उभी राहणार आहे.